टीव्हीसोबत फुकट आलेला

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. टीव्हीला जोडायचा, करड्या रंगाचा, डोक्यावर कॅसेट खुपसायची फट असलेला. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझं नावही ऐकलं नसेल आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्या कंपनीने मला बनवलं, तिलाही आता माझी आठवण नसावी. माझ्या वयाचे बाकीचे भंगारात गेले, नाहीतर कुणा हौशी माणसाच्या काचेच्या कपाटात जाऊन बसले. मी अजून टीव्हीखालच्या फळीवर आहे आणि रोज सकाळी चालू होतो. असं का, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या असायच्या. एकीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने पाठीत स्क्रू पिळले, तिसरीने मला टीव्हीला जोडून पाहिलं. पडद्यावर रंगीत पट्टे उमटले. तिने जांभई दिली आणि मला खोक्यात घातलं. माझ्या जन्माचा सोहळा एवढाच झाला.

आमची कंपनी मूळची कॅल्क्युलेटर बनवणारी. व्हिडिओ गेमच्या बाजारात तेव्हा दोन बड्या कंपन्या होत्या. एकीचा गेम काळा, दुसरीचा पांढरा. यातला भारी कोणता, यावरून घराघरांत भावंडं एकमेकांचे केस ओढत. आमच्या साहेबलोकांना वाटलं, दोघांचं भांडण चाललंय तोवर मधल्या मध्ये आपण दुकान थाटून घ्यावं. म्हणून मला करडा रंग दिला. ही अक्कल कुणाची, ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

माझे गुण सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. त्या दोघांचे खेळ सीडीवर येत, माझे कॅसेटमध्ये. कॅसेट खुपसली की खेळ सुरू, वाट बघणं नाही. तिला ओरखडा पडत नाही, लहान मूल तिच्यावर बसलं तरी ती फुटत नाही. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायची सोय माझ्या पोटातच होती. इतरांना त्यासाठी वेगळं कार्ड विकत घ्यावं लागे. पण कॅसेट बनवायला महाग, आणि तिच्यात मावतं थोडं. सीडीवाल्यांच्या खेळांत माणसं बोलायची, गाणी वाजायची. माझ्या खेळांतली माणसं मुकी, आणि त्यांची नाकं चौकोनी.

माझ्यात एक गोष्ट मात्र कुणातच नव्हती. पाठीमागे, वायरींच्या गर्दीत, एक छोटं बटण होतं. त्याचं नाव ‘जोड’. ते चालू असलं की दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवतात. दोन्हीकडून आलेली हालचाल मी एकत्र करतो आणि पडद्यावर एकच जण धावतो. लहान मुलाच्या हातात एक कंट्रोलर द्यायचा, आई किंवा बाबांनी दुसरा घेऊन मागून सावरायचं, म्हणजे मुलाचा हिरमोड होत नाही, असा त्यामागचा विचार. साहेबांना या बटणाचं इतकं कौतुक, की कारखान्यातून निघतानाच ते चालू ठेवलेलं असे. एका वर्तमानपत्राने मात्र लिहिलं, की एका माणसाचं काम दोघांत वाटून देणारं हे यंत्र सरकारी कचेऱ्यांत छान खपेल.

पहिल्या हंगामात आम्ही बऱ्यापैकी खपलो. दुकानांच्या दर्शनी काचेत होतो, मुलं काचेला नाकं लावून बघायची. मग काळ्याने किंमत उतरवली. पांढऱ्याकडे फुटबॉलचा असा खेळ आला की सगळ्यांना तोच हवा झाला. खेळ लिहिणारे लोक म्हणू लागले, महागड्या कॅसेटी बनवून एवढ्याशा गिऱ्हाइकांना कोण विकणार. नवे खेळ येईनात म्हणून गिऱ्हाईक येईना, आणि गिऱ्हाईक येईना म्हणून खेळ येईनात. काचेतून आम्ही आतल्या मांडणीत गेलो, मांडणीतून जिन्याखालच्या टोपलीत. एके दिवशी कंपनीने आमचा विभाग बंद केला आणि ती परत मुकाट्याने कॅल्क्युलेटर बनवू लागली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी अजून खोक्याच्या बाहेरही आलो नव्हतो.

उरलेला माल एका टीव्हीवाल्याने घाऊक उचलला आणि दारावर पाटी लावली: टीव्ही घ्या, व्हिडिओ गेम फुकट. तसा मी ज्या घरी गेलो, त्या घराला टीव्ही हवा होता. मी नको होतो.

घरात दोघंच. ते क्रेनवाले, मालतळावर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून खोक्यांएवढे नव्हे, खोल्यांएवढे डबे उचलून इकडून तिकडे ठेवायचे. दोन हातांत दोन दांड्या. डाव्या दांडीने माल पुढेमागे आणि बाजूला न्यायचा, उजवीने वरखाली करायचा. तळावर त्यांना सगळे उस्ताद म्हणत. बाई घरीच शिवणकाम करायच्या. लोकांचे पँटचे पाय आखूड कर, चेन बदल, ढगळ कपडे घट्ट कर, नाहीतर घट्ट कपडे ढगळ कर. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. मला बघून बाई म्हणाल्या, “हे काय करायचंय आता? आपलं काय वय आहे खेळायचं?” क्रेनवाले म्हणाले, “राहू दे, फुकट आलंय.” त्यांनी मला कपाटावर टाकलं. तिथे माझ्या अंगावर सुटकेस होती, सुटकेसवर ब्लँकेट. वर्षं गेली.

मग क्रेनवाल्यांना अर्धांगाचा झटका आला.

मला हे खोक्यातून ऐकू आलं. धावपळ, मग बरेच दिवस घराला कुलूप, मग परत आवाज, पण हळू. पाय सुधारला, थोडं ओढत का होईना चालता येऊ लागलं. बोलणं पूर्ववत झालं. डावा हात मात्र राहिला. हलत नव्हता आणि बधिरही होता. गरम-गार कळत नव्हतं. कुणी धरला तरी बघितल्याशिवाय कळत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी शिकवायचं ते सगळं शिकवलं आणि म्हणाल्या, आता घरीच रोज करत राहा, हात येईल किंवा नाही, सांगता येत नाही, पण बसवून ठेवू नका. क्रेनवाले चेंडू दाबायला बसायचे. चेंडू हातातून घरंगळून पलंगाखाली जायचा आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दिवस दिवस एक शब्द नाही. बाई जेवायला वाढायच्या, ते जेवायचे, ताट तसंच सोडून उठायचे. घरात रडारड नव्हती, भांडणही नव्हतं. दोघंही आतून विझल्यासारखी झाली होती.

मुलगी आली तेव्हा तिला मी आठवलो. तिने मला खाली काढलं, धूळ पुसली, टीव्हीला जोडलं. “बाबा, चेंडूपेक्षा हे बरं. अंगठा हलवायचा प्रयत्न करा, जमलं नाही तरी उजव्याने खेळा. रोज सकाळी.” माझ्याबरोबर आलेली कॅसेट एकच, फुग्याची. मोठ्या फुग्याखाली टोपली, टोपलीत एक चौकोनी नाकाचा माणूस. गावाच्या कौलांवर उतरून त्याने घरोघर दुधाच्या बाटल्या ठेवायच्या. प्रत्येक कंट्रोलरवर अंगठ्याने रेटायच्या दोन छोट्या दांड्या. उजव्या दांडीने फुगा वरखाली, डाव्या दांडीने पुढेमागे आणि बाजूला. खऱ्या फुग्याला असं वळवता येत नाही म्हणतात, पण खेळात सगळं चालतं. मुलगी दोन्ही कंट्रोलर जोडून, चार दिवस राहून गेली. पाठीमागचं बटण कुणी पाहिलंही नाही.

क्रेनवाले खेळायला बसायचे ते मुलीला फोनवर हो म्हणता यावं म्हणून. उजव्या अंगठ्याने फुगा वर जाई, खाली येई. डावा अंगठा त्यांनी उजव्या हाताने उचलून दांडीवर ठेवलेला असे. तिकडून मला काही बातमी यायची नाही. फुगा एकाच घराच्या कौलावर वरखाली करत राही. मला त्याचं सुखही नव्हतं, दुःखही नव्हतं.

एका सकाळी बाई माझ्या आजूबाजूचं पुसत होत्या. दुसरा कंट्रोलर जमिनीवर पडला होता, तो त्यांनी फडक्याने पुसायला घेतला. पुसताना डावी दांडी रेटली गेली. पडद्यावरचा फुगा डावीकडे सरकला आणि शेजारच्या कौलावर जाऊन टेकला.

“अगं,” क्रेनवाले म्हणाले. मग पुन्हा, मोठ्याने, “अगं, हलला!”

बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या कंट्रोलरकडे. कापडात हात मुरलेली बाई ती, कोणत्या दोऱ्याने काय ओढलं जातं हे तिला सांगावं लागत नाही. त्यांनी अंगठा पुन्हा हळूच रेटला. फुगा पुन्हा सरकला. आता सांगून टाकायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे वळल्या. क्रेनवाले हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसत होते. बाई म्हणाल्या, “हो, हलला की.”

आता तुम्ही विचाराल, स्वतःचा अंगठा हलतो की नाही हे माणसाला कळत नाही? हात बधिर असला की नाही कळत. त्यांना ते डोळ्यांनीच बघावं लागे, आणि खेळताना डोळे पडद्यावर. फुगा हलतोय म्हणजे अंगठा हलतोय, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या दिवसापासून बाई सकाळी त्यांच्या मागच्या खुर्चीवर तुरपाईचं काम घेऊन बसू लागल्या. मांडीवर कुणाचा तरी झगा, झग्याखाली दुसरा कंट्रोलर. त्याची वायर सतरंजीखालून नेली. “पाय अडकून पडाल,” असं कारण सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. सुरुवातीला त्यांना खेळता कुठे येत होतं? फुगा धुराड्यांना थडके, झाडात अडके, दुधाच्या बाटल्या गटारात. क्रेनवाले म्हणत, “हळूहळू येईल. इतके महिने झोपलेला हात आहे.” बाई रोज शिकत गेल्या आणि क्रेनवाल्यांना वाटत गेलं की हात सुधारतोय. त्यांना कुठे जायचंय हे बाईंना त्यांच्या मानेवरून कळायचं. डावीकडे जायचं मनात आलं की मान आधी तिकडे कलते, हे त्या संसारभर बघत आलेल्या. मी दोघांच्या बातम्या एकत्र करायचो. उजवी दांडी त्यांची, डावी बाईंची, फुगा एक. ज्या बटणाची वर्तमानपत्राने थट्टा केली, ते बटण या घरात कामाला लागलं होतं. माझं कौतुक काय झालं असेल ते त्याच दिवसांत. क्रेनवाले माझ्यावर स्वतः फडकं मारायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, “डॉक्टरला जमलं नाही ते या डबड्याने केलं.”

कप मात्र उचलला जात नव्हता. सदऱ्याचं बटण लागत नव्हतं. बाई एकदा म्हणाल्या, “अहो, पुन्हा त्या ताईंना दाखवू या का?” ते म्हणाले, “कपाला जोर लागतो. दांडीला जोर लागत नाही, क्रेनच्या दांडीलाही नाही. आधी अंगठा आलाय, बाकीचं मागून येईल.” आता भाताचे चार घास जास्त जात होते. रात्री झोप लागत होती. बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग एके दिवशी झेंडेवाला आला. मालतळावर क्रेनच्या खाली एक जण हातात लाल-हिरवे झेंडे घेऊन उभा असतो. वर बसलेल्याला खालचं नीट दिसत नाही, म्हणून तो खुणा करतो आणि वरचा त्याच्या खुणेवर माल हलवतो. हा झेंडेवाला वर्षानुवर्षं उस्तादांच्या खाली उभा राहिलेला. त्याने फुग्याचा खेळ पाहिला. क्रेनवाल्यांनी एकामागून एक सगळ्या कौलांवर बाटल्या उतरवल्या, एकही फुटली नाही. बाई मागे मांडीवर झगा घेऊन बसल्या होत्या, आणि खेळ संपल्यावर त्यांनी खाली मान घातली.

झेंडेवाला म्हणाला, “उस्ताद, मग घरी काय करताय? मी साहेबांच्या कानावर घालतो. सुट्टीच्या दिवशी तळ रिकामा असतो. एक डबा उचलून दाखवा, साहेब डोळ्यांनी बघतील. डॉक्टरांच्या कागदांचं मागाहून बघू.”

“रिकामा डबा?” क्रेनवाल्यांनी विचारलं.

“रिकामा कशाला? भरलेलाच लावू, उगाच कुणी नंतर बोलायला नको.”

बाईंनी मान वर केली. “आणि खाली कोण उभं राहणार?”

“खाली मीच, वहिनी. उस्तादांच्या डब्याखाली दुसरा कोण उभा राहील? नवी पोरं घाबरट आहेत.” दोघं पुरुष हसले.

त्या दिवशी बाईंनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कंट्रोलरवरून मला काहीच आलं नाही. फुगा वर गेला, खाली आला आणि तिथेच राहिला. क्रेनवाल्यांनी कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली, परत घातली. पुन्हा तेच. “अगं, तू फुंक, तुझी फुंकर जोरात आहे.” बाईंनी फुंकली. फुगा हलला नाही. बाईंना वाटलं होतं, आता ते हाताकडे बघतील, समजतील, आपल्याला तोंडाने काही बोलावं लागणार नाही. पण हात बिघडलाय असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि पाय ओढत ओढत टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दुरुस्तीवाल्याने दोन्ही दांड्या फिरवून पाहिल्या. “काही झालेलं नाही याला. मस्त चालतोय.”

घरी आल्यावर क्रेनवाले म्हणाले, “त्याला या जुन्या वस्तूंमधलं काय कळतंय.” रात्री जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले, पूर्वी पडायचे तसे. बाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. सकाळी फुगा पुन्हा चालू लागला.

“बघ,” क्रेनवाले म्हणाले, “वायर ढिली होती.”

चाचणीचा दिवस ठरला. बाईंनी नवऱ्याचं तळावरचं जाकीट धुऊन इस्त्री केलं, खांद्याची उसवलेली शिवण घातली. मुलीचा फोन आला तेव्हा ‘बाबा बरे आहेत’ म्हणून ठेवून दिला. त्या काय विचार करत होत्या, मला कळलं नाही. माझ्यापर्यंत त्यांचा फक्त अंगठा पोचायचा, आणि तो अगदी बिनचूक चालत होता.

त्या सकाळी क्रेनवाले जाकीट घालून बसले, पायांत बूट. बाईंनी खाली बसून दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. मग उठून मला चालू केलं.

“एक डाव खेळून जा.”

“आत्ता? उशीर होईल गं.”

“आत्ताच. तुमचा कंट्रोलर घेऊ नका. नुसतं बघा.”

सतरंजी बाजूला सारून बाईंनी दुसरा कंट्रोलर वायरीसकट पुढे आणला आणि त्या टीव्हीच्या शेजारी, नवऱ्याकडे तोंड करून बसल्या. फुगा उडाला. डावीकडे गेला, धुराडं चुकवून वळला, कौलावर अलगद टेकला. बाटली उतरली.

“तूही शिकलीस की,” क्रेनवाले म्हणाले. फुगा पुढच्या कौलावर गेला, मग त्याच्या पुढच्या. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. शेजारी पडलेल्या स्वतःच्या कंट्रोलरकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“ज्या दिवशी मी म्हटलं, हलला—”

“तेव्हाही मीच. पुसायला घेतला होता.”

“माझा एकदाही नाही?”

“नाही.” बाई म्हणाल्या, “तुम्ही हसलात, म्हणून मला बोलवेना. मग रोजच बोलवेना.”

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, “त्याला फोन लाव. डब्याखाली उभा राहू नको म्हणावं.” बाई फोनपाशी गेल्या, तेव्हा म्हणाले, “नाही, मी येतच नाही म्हणून सांग.” फोन झाला. ते उठायला गेले आणि परत बसले. पायांतल्या बुटांकडे बघत राहिले. शेवटी त्यांना बोलावंच लागलं. “नाड्या सोड,” ते म्हणाले. बाईंनी खाली बसून नाड्या सोडल्या.

त्यानंतर घर पुन्हा पूर्वीसारखं झालं. जेवण, ताट, भिंत. मुलगी सुट्टीत आली, तिला सगळं कळलं. तिने माझ्या पाठीमागे हात घालून ते बटण बंद केलं आणि दुसरा कंट्रोलर काढून खणात ठेवला. जाताना म्हणाली, “बाबा, हे मॉडेल आता मिळत नाही. हौशी लोक शोधत असतात, खोक्यासकट असेल तर घरी येऊन घेऊन जातात.” क्रेनवाले म्हणाले, “देऊन टाक.” ज्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं त्याला आता लोक शोधत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

घ्यायला येणारा माणूस ठरला, दिवस ठरला. कपाटावरून माझं खोकं खाली आलं. पण सकाळी दुसरं काय करायचं हे क्रेनवाल्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तोवर ते रोज मला चालू करायचे. डावा अंगठा उचलून दांडीवर ठेवायचे. फुगा वर, फुगा खाली. बाई आता मागे बसत नव्हत्या. त्यांच्या डाव्या हाताला, कोचावर बसायच्या, हातात काही काम न घेता. पडद्याकडे बघायला त्यांना धीर होत नसावा. त्या नवऱ्याच्या हाताकडे बघत बसत.

मला बांधायच्या आदल्या दिवशीची सकाळ. डाव्या दांडीवरून बातमी आली.

मित्रांनो, इथे तुम्हाला माझ्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी. दांडी जुनी होते, खेळणाऱ्याचा हात थरथरतो. अशा बारीकसारीक हालचालीने पडद्यावरचा खेळाडू उगाच भरकटू नये, म्हणून प्रत्येक दांडीच्या मधोमध थोडी जागा मुद्दाम बधिर ठेवलेली असते. तेवढ्या जागेत काही हललं तर ते मला कळतं, पण पडद्यावर दाखवायचं नाही अशी मला आज्ञा आहे. ती बातमी त्याच जागेतली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. फुगा जागचा हलला नाही.

“हलला,” बाई म्हणाल्या.

क्रेनवाल्यांची नजर पडद्यावर होती. “फुगा तिथेच आहे.”

“फुग्याचं नाही म्हणत मी. अंगठा हलला.”

“पुन्हा सुरू करू नकोस.”

“अहो, खरंच हलला.”

“तू ‘खरंच’ म्हणायचं राहू दे,” क्रेनवाले म्हणाले. आवाज चढला नव्हता. मला वाटलं, संपलं. उद्या मी खोक्यात.

मग बाई म्हणाल्या, “माझं ऐकू नका. मी सांगतेय म्हणून काही मानू नका. तुम्ही खाली बघा.”

ते बघेनात. फुग्याकडेच बघत राहिले. हाताकडे बघायची त्यांना भीती वाटत होती, हे मलासुद्धा समजलं. बाईंनी त्यांचा हात धरला नाही, अंगठा हलवून दाखवला नाही, जागच्या हलल्याही नाहीत. नुसत्या थांबल्या. खूप वेळाने क्रेनवाल्यांनी मान खाली घातली.

डाव्या दांडीवरून दुसरी बातमी आली. मग तिसरी.

उजवी दांडी सुटली होती, त्यामुळे फुगा हळूहळू खाली आला, कौलाला आपटला आणि सगळ्या बाटल्या फुटल्या. खेळ संपल्याचं रडकं संगीत वाजलं, पुन्हा वाजलं, वाजतच राहिलं. पडद्याकडे बघायला कुणाचे डोळे मोकळे नव्हते.

मला न्यायला आलेला माणूस दारातून परत गेला. क्रेनवाले आता पुन्हा त्या व्यायामवाल्या ताईंकडे जातात. क्रेनवर ते परत बसणार नाहीत, असं त्यांनीच झेंडेवाल्याला सांगितलं. कप अजून उचलला जात नाही. दोघांत बोलणं होतं, पण मोजकं, आणि बाईंनी ‘आज बरं दिसतंय’ म्हटलं तरी ते आधी स्वतः बघून घेतात. ते तसंच राहील की बदलेल, हे मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू म्हाताऱ्या झाल्या की विनवण्या करतात, आम्हाला फेकू नका, धूळ पुसा, वायरी ओढू नका. माझं तसं काही म्हणणं नाही. तुम्ही नवे खेळ खेळा, खुशाल खेळा. फक्त तुमच्या शेजारी कुणी बसलं असेल, तर अधूनमधून पडद्यावरून नजर काढा आणि त्याच्या हाताकडे बघा. आमच्यापर्यंत सगळं पोचतं, मित्रांनो. सगळं आम्ही दाखवत नाही.